वीस गुणांची मुलाखत

"मॅडम, माझी पहिली असाइनमेंट परत मिळेल का?" असं इरमनं विचारलं तेव्हा संघरत्ना हजेरीचे आकडे संगणकात चढवत होती, आणि मान वर न करताच तिनं "कुठली पहिली?" म्हणून टाकलं. एप्रिल अर्ध्यावर आलेला, मार्क वर गेलेले, पोरं परीक्षेच्या तयारीला लागलेली, अशा वेळी कुणी असाइनमेंट मागायला येतं का. वर्षभर "लिहून आणा रे" म्हणून घसा कोरडा केला तरी आणत नाहीत आणि आता ह्यांना पुळका. "ती झीरोवाली," इरम म्हणाली. "अब्बांची मुलाखत." मग बसचं वेळापत्रक सांगावं इतक्या साध्या आवाजात तिनं पुढचं सांगितलं, "अब्बा वारले ना मॅडम. मंगळवारी चाळिसावं आहे. अम्मी म्हणते, तुला ते काय काय बोलले होते ते सगळ्यांसमोर वाचून दाखव." संघरत्नाचा हात कीबोर्डवरच राहिला. पंख्याखाली इतिहासाचे सर पेपर वाचत होते, त्यांनी पान उलटलं. "कधी गं?" एवढंच तिच्या तोंडून निघालं. "आठ मार्चला. कारखान्यातच. छातीत दुखलं म्हणाले आणि बसले," इरम म्हणाली आणि दाराकडे बघत राहिली. ओढणी नीट डोक्यावरून घेतलेली, हातात प्लॅस्टिकची फाइल, डोळे कोरडे. ती रडली असती तर संघरत्नाला काहीतरी करता आलं असतं, खांद्यावर हात ठेवता आला असता. ती रडत नव्हती, फक्त उभी होती.

"रफ पानं असतील ना तुझ्याकडे? ज्यावर आधी लिहून घेतलंस ती?" संघरत्नानं विचारलं. विचारताना तिला मनातून फार आशा वाटली. इरम म्हणाली, "होती. पण तुम्ही म्हणालात ना की हे तू लिहिलेलंच नाही. मग घरी जाऊन मी फाडली." त्यात तक्रार नव्हती. झालं ते तिनं सांगितलं, झालं. संघरत्ना म्हणाली, "बघते मी. सोमवारी ये." इरम "थँक्यू मॅडम" म्हणून निघून गेली, आणि तिच्या चपलांचा आवाज व्हरांड्यातून जिन्यापर्यंत ऐकू येत राहिला. 'बघते' म्हणताना संघरत्नाला पक्कं ठाऊक होतं की बघण्यासारखं काही उरलेलं नसणार.

कारण ह्या कॉलेजात असाइनमेंटचं काय होतं ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार. बारा वर्षं ती इथं तासिका तत्त्वावर समाजशास्त्र शिकवत होती, आणि बारा वर्षांत ह्या एका स्टाफरूममधून गावभरचे गठ्ठे गेले होते. इतिहासाचं 'माझ्या परिसरातील वास्तू', राज्यशास्त्राचं 'ग्रामपंचायतीस भेट', मराठीचं 'ग्रंथपरीक्षण', अर्थशास्त्राचं 'कौटुंबिक खर्चाची पाहणी'. गेटसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे सगळ्यांच्या तयार प्रती असत, पोरं त्या घेत आणि हातानं उतरवून काढत, कारण हस्ताक्षरातच हवं असा नियम होता. एकाच ग्रामपंचायतीला चाळीस जण भेट देऊन येत आणि चाळिसांनाही तिथं सरपंच एकाच खुर्चीत बसलेले सापडत. तपासणाऱ्यांनाही ते माहीत होतं. ते पहिलं पान बघत, शेवटचं पान बघत, मधे कुठंतरी बरोबरची खूण करत. मग तीच वही पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाच्या नावानं परत येऊ नये म्हणून प्रत्येक पानावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत लाल रेघ मारायची पद्धत होती. रेघ मारलेला गठ्ठा सुतळीनं बांधून जिन्याखालच्या खोलीत जायचा आणि मार्क वर गेले की रद्दीत. संघरत्नाची लाल रेघ सगळ्यात सरळ यायची, त्याचं कौतुकही व्हायचं.

तिचा विषय मात्र तिनं स्वतः बसवला होता, आणि त्याचा तिला अभिमान होता. 'घरातील एका कष्टकरी व्यक्तीची मुलाखत', गुण वीस, प्रश्न दहा, प्रश्नांचा कागद तिनंच टाइप करून वाटलेला. भिवंडीत राहून लूमवर राबणाऱ्या बापाला पोरांनी कधी बसवून विचारलं नसेल, निदान गुणांसाठी तरी विचारतील, असं तिनं विभागाच्या बैठकीत मोठ्या आवाजात सांगितलं होतं. पहिल्या वर्षी खरंच काही बऱ्या मुलाखती आल्या. दुसऱ्या वर्षी त्यातलीच एक झेरॉक्सवाल्याकडे पोचली आणि मग दर वर्षी तीच येऊ लागली. त्या मुलाखतीतला बाप सकाळी सहाला उठे, कारखान्यात जाई, 'यंत्रमाग व्यवसाय आज संकटात आहे' असं म्हणे आणि शेवटी 'माझ्या मुलांनी खूप शिकून मोठे व्हावे हीच इच्छा' असं सांगून गप्प बसे. त्र्याऐंशी पोरांचा तोच एक बाप. संघरत्ना त्याला चौदा, पंधरा, अक्षर चांगलं असेल तर सोळा देत असे आणि मनात स्वतःवरच चडफडत असे.

आणि फेब्रुवारीत त्याच गठ्ठ्यात इरमची वही निघाली होती. अठरा पानं. संघरत्नानं चहा पीत पीत ती उघडली आणि चहा तसाच राहिला. त्यातला दाऊद नावाचा माणूस कारखान्यात जॉबर होता, म्हणजे बिघडलेले लूम दुरुस्त करणारा, आणि तो बोलत होता. तो सांगत होता की पस्तीस वर्षं खटखटीत काढल्यावर कान अर्धे गेले, आता मी माणसांचे ओठ वाचतो, म्हणून घरात कुणी पाठमोरं बोललेलं मला कळत नाही आणि तुझ्या अम्मीला वाटतं मी मुद्दाम दुर्लक्ष करतो. तो सांगत होता की शुक्रवारी कारखाने बंद असतात तेव्हा मला गाव मेल्यासारखं वाटतं. तो हसत होता, चिडत होता, मधेच 'हे लिहू नको' म्हणत होता, आणि पोरीनं 'हे लिहू नको' हेसुद्धा लिहिलं होतं. संघरत्ना शेवटपर्यंत वाचत गेली. वाचून झाल्यावर तिला पहिल्यांदा वाटलं ते असं, की हे खोटं आहे. कुठला बाप पोरीशी इतकं बोलतो. हे कुठून तरी उचललंय, नाहीतर हल्ली मोबाइल लिहून देतो तसलं काहीतरी आहे. इरम शेवटच्या बाकावर बसणारी, दोन वर्षांत एक शंका न विचारलेली पोर, आधीच्या तिच्या सगळ्या असाइनमेंट झेरॉक्सवाल्याच्याच होत्या. तिला हे कुठून येणार? संघरत्नानं वर्गातच तिला उभं केलं. "हे तू लिहिलेलं नाहीस. कुठून घेतलंस?" इरम म्हणाली, "अब्बा बोलले ते लिहिलं." मागं कुणीतरी हसलं. संघरत्ना म्हणाली, "स्वतःचं लिहून पुन्हा आण," आणि शून्य घालून वही पुरावा म्हणून ठेवून घेतली. उद्या प्राचार्यांकडे तक्रार गेली तर हाताशी असावी, असा हिशोबी विचार. पुढं तक्रार झालीच नाही, आणि ती वही बाकीच्यांबरोबर गठ्ठ्यात बांधली गेली. आठवड्यानं इरमनं दुसरी आणली. तिच्यात तो नेहमीचा बाप सकाळी सहाला उठला होता. संघरत्नानं तिला सोळा दिले. दिसायला ती असाइनमेंट असावी तशी होती.

गुरुवारी दुपारी तास संपल्यावर ती जिन्याखालच्या खोलीत गेली. शिपाई काळूराम स्टुलावर बसून डबा खात होता, तो उठू लागला, तिनं "जेवा, जेवा" म्हटलं. खोलीत झाडू, मोडके बाक आणि गॅदरिंगचे पडदे होते. गठ्ठे नव्हते. "न्हाय मॅडम," काळूराम म्हणाला, "गेल्या बेस्तरवारी टेंपो लावून नेलं समदं. तुमीच तर सही केली ना कागदावर." केली होती. चार विभागांचे मिळून एकवीस गठ्ठे, खाली सही, स. सो. जाधव. "काय ऱ्हायलं का त्यात तुमचं?" त्यानं विचारलं. "माझं नाही, एका मुलीचं," ती म्हणाली. काळूरामनं भाकरीचा तुकडा मोडला. "मंग अफजलभाईच्या गोडावनला जा. मानकोलीला. पन तेचं काय हाय मॅडम, तो माल ठेवत न्हाय. आला की गेला." तरी ती गेली. दुसऱ्या दिवशी शुक्रवार, सकाळचा एकच तास होता, तो उरकून ती रिक्षात बसली. रस्त्यात कामतघरची गल्ली लागली, कारखान्यांची दारं ओढलेली होती आणि सगळीकडे चमत्कारिक शांत होतं. जन्मापासून इथं राहून तिला ते कधी जाणवलं नव्हतं. आज जाणवलं, आणि हे आपल्याला दाऊद नावाच्या माणसानं सांगितलेलं आहे हेही जाणवलं. तिनं रिक्षावाल्याला जरा लवकर घ्या म्हणून सांगितलं.

ह्याच गल्लीत तिचे बाबा सोमा जाधव बीम वाहायचे. सायझिंगमध्ये सूत खळीतून काढून लोखंडी बीमवर गुंडाळतात, ते भरलेलं धूड दोघांनी खांद्यावर घेऊन कारखान्यात लूमपर्यंत पोचवायचं, ते काम. दिवसाला कितीतरी खेपा. बाबांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली गेला होता आणि त्यावर टणक गाठ आली होती, लहानपणी ती त्या गाठीवर बोट टेकवून खेळायची. मग मोठी झाली आणि खेळायची बंद झाली. एकोणीस वर्षांची असताना ठाण्याच्या कॉलेजात तिच्या सरांनी अशीच एक मुलाखत लिहायला दिली होती, 'श्रम आणि मी' असं काहीतरी नाव होतं. तिनं घरी नुसतं बोलता बोलता सांगितलं आणि बाबांनी ते धरून ठेवलं. रविवारी अंघोळ करून, केसांना तेल लावून, लग्नाकार्यातला पांढरा शर्ट घालून ते खाटेवर येऊन बसले. "विचार," म्हणाले. "काय काय विचारनार हायस?" ती म्हणाली, "आत्ता नाही बाबा, मला दुसरा अभ्यास आहे. नंतर." ते दुपारपर्यंत तो शर्ट घालून होते. ती नंतरची वेळ कधी आलीच नाही. तिनं मुलाखत तिची तिनंच लिहून काढली. त्यात सोमा जाधव सायझिंगमध्ये सुपरवायझर होते. हमालांकडून काम करून घेत, त्यांच्या अडचणी समजून घेत. वर्गात ठाण्याच्या मुली होत्या, बँकेतल्यांच्या, शाळामास्तरांच्या. त्यांच्यासमोर 'माझे वडील बीम उचलतात' असं वाचायची तिची हिंमत नव्हती. सरांनी एकोणीस गुण दिले, वाचून दाखवायला लावलं, वर कॉलेजच्या वार्षिक अंकात छापलं. बाबांनी विचारलं, "माझी मुलाखत ऱ्हायली ना गं?" ती म्हणाली, "झाली बाबा. सरांनी वेळ कमी दिला, मला माहीत होतं तेवढं लिहिलं." ते म्हणाले, "मंग बेस झालं."

मानकोलीच्या गोडाऊनमध्ये अफजलभाईनं तिला प्लॅस्टिकची खुर्ची दिली आणि पाणी मागवलं. चांगला माणूस होता. "कॉलेजका माल तो उसी दिन गया मॅडम," तो म्हणाला. "हमारे यहाँसे सीधा कोनवाला घेऊन जातो. भिजवून लगदा करतात, त्याचे कोन बनतात, धागा गुंडाळायचे. आपला कागद आपल्याच कारखान्यात परत." त्याला ते सांगताना मौज वाटत होती. मग तिचा चेहरा बघून तो थांबला. "क्या था उसमें? सर्टिफिकेट था किसीका?" ती म्हणाली, "एका माणसाचं बोलणं होतं." अफजलभाईला ते कळलं नाही, पण त्यानं मान हलवली आणि तरी एकदा पोराला मागं पाठवून उरलेल्या ढिगात बघायला लावलं. पोरगं लग्नपत्रिकांचा गठ्ठा घेऊन आलं. परत येताना तिनं रिक्षा केली नाही, पुलापर्यंत उन्हातून चालत राहिली. ट्रेलर अंगावरून गेल्यासारखे जात होते. ती स्वतःला सांगत होती की चूक कुणाच्याही हातून होते, त्र्याऐंशी वह्या असतात, सगळे हेच करतात, आणि चालता चालता तिला कळत होतं की ही नुसती चूक नाही. इतर कुणी ती वही वाचलीच नसती, पहिलं पान, शेवटचं पान बघून पंधरा दिले असते. तिनं वाचली. आणि वाचून तिला पटलं की हे बनवलेलं आहे, कारण इतकी चांगली मुलाखत बनवूनच लिहिता येते हे तिला स्वतःच्या अनुभवानं माहीत होतं. शेवटच्या बाकावरच्या पोरीला तिनं स्वतःवरून जोखलं होतं. भर उन्हात तिला ह्याची इतकी लाज वाटली की ती एका टपरीच्या सावलीला उभी राहिली.

शनिवार असाच गेला. रविवारी सकाळी तिच्या डोक्यात आलं की आपण ती वाचलीय, एकदा का होईना पूर्ण वाचलीय. मग आपल्याला आठवेल. आपणच लिहून द्यायची. टेमघरच्या घरात आई, कौसल्या, तांदूळ निवडत बसली होती. संघरत्ना फुलस्केप कागद घेऊन टेबलाशी बसली, वर 'श्री. दाऊद यांची मुलाखत' लिहिलं आणि दहाही प्रश्न एकाखाली एक जागा सोडून उतरवून काढले, ते तिला पाठच होते. ओठ वाचण्याचं आठवलं. शुक्रवारचं आठवलं. कोऱ्या कापडाच्या वासाबद्दल त्यानं काहीतरी म्हटलं होतं, काय ते आठवेना. लहानपणी कुणीतरी मारलं होतं, वस्तादानं की चुलत्यानं? एवढंच. अठरा पानांतली तीन-चार वाक्यं. बाकी ठिकाणी नुसता एक आवाज होता, माणूस समोर बसून बोलतोय असा, आणि शब्द नव्हते. ती पेन धरून बसून राहिली. मग तिनं प्रश्नांकडे बघून, असा माणूस काय म्हणेल असा विचार करून एक ओळ लिहिली, आणि ती बरी वाटली. मग दुसरी. कामाला पहिल्यांदा गेलात तो दिवस आठवतो का? आठवतो. सकाळी आईनं अंडं करून दिलं होतं, घरात तेव्हा अंडं कुठं. दमल्यावर काय करता? काय करनार, भिंतीला खांदा टेकून उभा ऱ्हातो, बसलो तर उठवत न्हाय. तिचा हात भराभर चालू लागला. वर्षानुवर्षं असाइनमेंट तपासून तपासून तिचं लिहिणं आखडून गेलं होतं, ते आज सुटलं. आई मधेच म्हणाली, "काय लिवतीस एवढं? पेपर काढतीस का?" ती "हं" म्हणाली.

आई मग तांदळातला खडा बाजूला टाकत तिच्या स्वभावाप्रमाणं आपलंच काहीतरी बोलत राहिली, शेजारच्या कमळाबाईची सून आली, कमळाबाईला आता दिसत नाही. कमळाबाईचं नाव निघालं की संघरत्नाच्या अंगावर काटा यायचा. अकरा वर्षांपूर्वी बाबा गेले, त्यानंतर एकदा आईनंच सहज सांगितलं होतं. तो वार्षिक अंक बाबांनी पत्र्याच्या पेटीत ठेवला होता आणि त्यांना वाचता येत नव्हतं म्हणून एक दिवस तो कमळाबाईकडे नेऊन दिला, की वाच गं, माझ्या पोरीनं माझी मुलाखत लिवलीय. कमळाबाई चौथी शिकलेली, तिनं सगळी वाचली, सुपरवायझर आणि हमालांच्या अडचणी आणि सगळं. बाबांनी ऐकून घेतलं, अंक परत घेतला आणि घरी आले. पोरीला एक शब्द बोलले नाहीत. फक्त दुसऱ्या दिवसापासून कामावर जाताना तो पांढरा शर्ट घालून निघू लागले आणि कामाचे कपडे पिशवीत घालून नेऊ लागले. "मी म्हनलं, ह्ये काय नवीन खूळ," आई तेव्हा सांगत होती. "तर म्हनले, पोरीच्या कालेजातलं कोन भेटलं रस्त्यात तर." नऊ वर्षं ते तसे जात राहिले, आणि नऊ वर्षं तिला वाटत होतं की वय झालं तसे बाबा टापटिपीनं राहायला लागलेत. हे आठवलं की ती उठून पाणी प्यायची किंवा कुणाला तरी फोन करायची. आज ती उठली नाही. पेन चालूच होतं. दहावा प्रश्न होता, 'तुमच्या मुलांना काय सांगाल?' आणि तिनं विचार न करता लिहिलं, सांगायचं काय, तिला वाटलं तसं तिनं लिवलं, तिचं काय चुकलं. मला इचारलं आसतं तर मीबी तिला तेच सांगितलं आसतं, की लिव सुपरवायझर. लिहून झाल्यावर तिनं कागद न वाचताच घडी करून पर्समध्ये ठेवले, कारण वाचायला घेतले तर आपण रडू आणि आई विचारत बसेल अशी तिला भीती वाटली. किती दिवसांनी तिला हलकं वाटत होतं. तिला खरोखर वाटत होतं की तिनं दाऊदची मुलाखत लिहिली आहे.

सोमवारी इरम अकराला आली. स्टाफरूममध्ये तेव्हा दुसरं कुणी नव्हतं. संघरत्नानं तिला समोरच्या खुर्चीवर बसवलं, विद्यार्थी सहसा तिथं बसत नसत. "वही मिळाली नाही इरम. रद्दीत गेली. मी स्वतः जाऊन आले, नाही मिळाली," ती म्हणाली. "माझी चूक झाली. ती तूच लिहिली होतीस आणि मी तुला खोटं पाडलं." संघरत्नानं घडी केलेले कागद पुढं सरकवले. "मला आठवलं तेवढं लिहिलंय. उद्या वाचायला तरी होईल." इरमनं कागद उघडले आणि ती वाचू लागली. ती हळू वाचत होती, ओठ किंचित हलत होते. पहिल्या पानावर तिचा चेहरा जरा उजळला, ओठ वाचण्याचं तिथं होतं. दुसऱ्या पानावर तिनं एकदा मागं जाऊन काहीतरी परत वाचलं. तिसऱ्या पानावर तिनं संघरत्नाकडे पाहिलं, मग पुन्हा खाली, आणि शेवटच्या ओळीपर्यंत गेली. बाहेर परीक्षेच्या बैठकव्यवस्थेचे बाक ओढण्याचा आवाज चालला होता. "मॅडम," ती म्हणाली, आणि मॅडमना वाईट वाटू नये म्हणून तिनं आवाज अगदी खाली आणला, "अब्बा बीम नव्हते उचलत. त्यांचा खांदा चांगला होता." संघरत्नानं कागद आपल्याकडे ओढून घेतला. खांद्याची गाठ, भिंत, अंडं, सगळं तिच्याच अक्षरात लिहिलेलं होतं. "हे कोण आहेत?" इरमनं विचारलं.

"माझे बाबा," संघरत्ना म्हणाली. बारा वर्षांत ह्या खोलीत तिनं वडिलांबद्दल कुणाला काही सांगितलं नव्हतं. "बीम वाहायचे. कामतघरला."

इरमनं मान डोलावली. तिनं ते चार कागद टेबलावर आपटून कडा सारख्या केल्या आणि संघरत्नासमोर ठेवले. "मग हे तुमच्याकडेच राहू दे मॅडम," ती म्हणाली. मग फाइल उचलून उभी राहिली, आणि आपल्यालाच धीर द्यावा तसं बोलली, "काय प्रॉब्लेम नाही. अम्मीला वाचता येत नाही ना. मी दुकानातून ती तयार मुलाखत आणते, ती सोळा मार्कांची. तीच वाचते. नाव तेवढं अब्बांचं घेईन. तिला काय कळणार आहे."

"नको," संघरत्ना म्हणाली. तिनं इरमचं मनगट धरलं आणि तिचं तिलाच नवल वाटलं, कारण ती विद्यार्थ्यांना कधी हात लावत नसे. "असं करू नको गं. त्यांना कळतं. काही बोलत नाहीत, पण सगळं कळतं त्यांना." इरम तिच्याकडे बघत राहिली. "तुला आठवतं ते सांग अम्मीला. एक वाक्य आठवत असेल तर एक सांग. पण त्यांचं सांग."

इरम खुर्चीत परत बसली. ती फाइलच्या कोपऱ्यावर अंगठा फिरवू लागली. "तेच तर होत नाहीये मॅडम," ती म्हणाली. "लिहिलंय म्हणून मी काही लक्षातच ठेवलं नाही. तीन शुक्रवार बसलो होतो आम्ही. एवढं बोलले. मला फक्त ते कसे बसायचे ते आठवतं, माझ्या तोंडाकडे बघत, प्रश्न नीट दिसायला हवा म्हणून. आणि एक उत्तर झालं की लगेच म्हणायचे, पुढचा काय आहे? त्यांना फार आवडलं होतं ते." आता तिचे डोळे भरून आले, पहिल्यांदाच. "शेवटचा प्रश्न झाला तरी उठेनात. म्हणाले, अजून विचार की. मी म्हटलं, नाही अब्बा, मॅडमनी दहाच दिलेत."